परुळेकरांच्या टेबलाखालचा स्टॅबिलायझर

दाऊदभाई,

तुम्हाला माती दिली त्याला आज बारा दिवस झाले. राजिवड्याच्या कब्रस्तानात मी मागे, दगडी गडग्याला टेकून उभा होतो. सगळ्यांचं झाल्यावर पुढे झालो आणि तीन मुठी माती मीही टाकली. परत येताना रिक्षा स्टँडपाशी परुळेकर इंजिनिअर भेटले. ते मनापासून हळहळत होते. म्हणाले, "काय हात होता हो माणसाचा! तेवढा एक आमचा स्टॅबिलायझर फसला त्यांचा. तेवढंच."

आणि मी मान हलवली.

तुम्हाला मातीखाली ठेवून तासही झाला नव्हता, दाऊदभाई. परुळेकरांचं काही चुकलं नाही. त्यांना जे सांगितलं गेलं तेच ते सात वर्षं बोलतायत. सांगणारा मी होतो.

त्या दिवसापासून झोप उडाली असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. झोप लागते, जेवण जातं, दुकान उघडतो. फक्त एक आवाज ऐकू यायला लागलाय. आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजमागे तुमचा स्टॅबिलायझर आहे. लाइटीचा दाब खालीवर झाला की त्याच्या आतला रिले 'टक्' करतो. वर्षानुवर्षं हा आवाज घरात आहे, कधी लक्ष गेलं नाही. आता तो वाजला की कोणी हाक मारल्यासारखी मी मान वर करतो. माझी बायको सुमन विचारते, काय झालं? काही नाही म्हणतो. काही नाही म्हणायची मला फार जुनी सवय आहे, हे आता सगळ्यांनाच कळू दे.

तुमची माझी ओळख १९९८ची. मारुती मंदिराजवळ मी कॉम्प्युटरचं दुकान आणि क्लास काढला होता आणि पहिल्या दोन महिन्यांत तीन पॉवर सप्लाय उडाले. कोणीतरी सांगितलं, राजिवड्यात एक दाऊदभाई पंपाच्या जळक्या मोटारी भरतो, त्याला बोलव. तुम्ही सायकलवरून आलात, मीटरच्या दोन तारा सॉकेटात घातल्यात आणि अर्धा तास नुसते काटा बघत बसलात. मी चहा मागवला तो निवला. मग म्हणालात, "मास्तर, तुझ्याकडं दुपारचे एकशे सत्तर व्होल्ट येतायत. ह्याच्यावर माझी बायको इस्त्री करायची नाय, आणि तू काँप्युटर शिकवतोस?"

स्टॅबिलायझर करून देतो म्हणालात, पण पंधरा दिवस लागतील. सात दिवस बनवायला, आठ दिवस तुमच्या घरी. तुमची ती रीतच होती. नवा स्टॅबिलायझर आधी स्वतःच्या फ्रिजला लावायचा, आठ दिवस चालवायचा आणि मगच गिऱ्हाइकाला द्यायचा. "माझ्या घरचा मीठ खाऊ दे त्याला आधी. बिघडला तर माझा मासा सडेल, तुझा काँप्युटर नाय." भाभी आतून ओरडायच्या, की ह्या माणसाच्या प्रयोगांपायी माझ्या घरात बर्फ म्हणून धड झाला नाही कधी.

मग मी तुमच्याकडे येऊन बसायला लागलो. तुम्ही कॉइल भरत असताना बोलायचं नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. डाव्या हाताच्या बोटांमधून एनॅमलची तार सरकत असायची, उजवा हात फिरकी फिरवत असायचा, ओठ हलत असायचे. मधे कोणी काही विचारलं तर एक बोट वर. भाभींनी विचारलं तरी बोट. वेढे मोजून झाले, की कागदाच्या चिठ्ठीवर आकडा लिहून ती चिठ्ठी आत डकवायची आणि मग इतका वेळ तुंबलेलं सगळं बोलून टाकायचं. माझी टिंगल तर ठरलेली. मी तेव्हा कुठलंही मशीन बिघडलं की आतलं सगळं पुसून फॉरमॅट मारायचो. "तुझ्या काँप्युटराला सर्दी झाली तरी तू मुंडकाच छाटतोस रे! जरा नाक पुसून बघत जा." माझी पहिली गिऱ्हाइकंही तुम्हीच आणलीत. "पोरगा बरा हाय, घाई करतो, पण बरा हाय." माझ्याबद्दल तुम्ही सगळीकडे असं सांगायचात, हे मला नंतर लोकांकडून कळलं. मी तेव्हा पस्तिशीचा होतो. मला पोरगा म्हणणारे तुम्ही एकटेच उरला होतात.

परुळेकरांनाही तुम्हीच माझ्याकडे पाठवलंत. त्यांना बंगल्यांची चित्रं कॉम्प्युटरवर काढायची होती, आणि नुसती काढायची नव्हती, तर घर पडद्यावर गोल फिरवून दाखवायचं होतं. मी मशीन जोडून दिलं. त्यात ग्राफिक्स कार्ड घातलं ते त्या कामाला कमी पडणार हे मला जोडतानाच माहीत होतं. तरी बोललो, "साहेब, सिनेमासारखं फिरेल." तुम्ही त्यांच्या टेबलाखाली तुमचा स्टॅबिलायझर ठेवलात, आठ दिवस तुमच्या घरी चालवलेला.

२००२ सालच्या मे महिन्यातली ती दुपार. मुंबईहून एक जोडपं प्लॅन बघायला येणार होतं. सकाळी परुळेकरांनी फोन केला, "अहो, घर अडखळतंय. झटके देतंय. बघा काहीतरी, बाईंना पसंत पडलं तरच काम होणार आहे." मी गेलो. ते जोडप्याला आणायला स्टेशनवर गेले आणि ऑफिसात मी एकटा राहिलो.

कार्ड बदलायला हवं, हे सांगणं सोपं होतं. पण मग सिनेमासारखं म्हणालो होतो त्याचं काय? माझ्याकडे एका मासिकाबरोबर आलेली सीडी होती. तिच्यात एक छोटासा प्रोग्रॅम होता. कार्ड कारखान्यात ठरवून दिलेल्या वेगाने चालतं, त्यापेक्षा जास्त वेगाने त्याला पळवायचं. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. पडद्यावर एक खुंटी दिसते, ती माउसने उजवीकडे सरकवायची, बस्स. मी थोडी सरकवली. घर जरा बरं फिरलं. आणखी सरकवली. आणखी बरं. प्रोग्रॅमने इशारा दिला, तो न वाचताच बंद केला. मशीन प्रत्येक वेळी सुरू होताना हाच वेग लागू दे, अशा चौकोनात खूण केली आणि तिसऱ्यांदा खुंटी सरकवली.

बंगल्याच्या भिंतींवर पांढरे ठिपके उठले, ओल धरावी तसे. मग पडदाभर रंगीत पट्टे, आणि सगळं थिजलं. बंद करून सुरू केलं. अक्षरं आली, विंडोजचं चित्र आलं आणि पुन्हा पट्टे. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. पुन्हा पट्टे.  त्याच वेळी वरचा पंखा मंदावला, रोज दुपारी मंदावतो तसा, आणि टेबलाखाली तुमच्या स्टॅबिलायझरने 'टक्' केलं. तो त्याचं काम करत होता. दाब पडलेला त्याने उचलून धरला होता.

दार उघडून परुळेकर आत आले, मागे ते मुंबईचे नवरा-बायको.

"काय झालं?"

मी टेबलाखाली बोट दाखवलं. "स्टॅबिलायझर."

"दाऊदचा? अहो, त्याचं कधी असं होत नाही."

"होतं कधीतरी," मी म्हणालो.

एवढंच. पुढे सात वर्षं चाललं ते या दोन शब्दांवर. मनात ठरवून बोललो नाही, बोट आधी गेलं. पण बोट मागे घ्यायला मला वेळ होता, दाऊदभाई. भरपूर वेळ होता.

परुळेकरांनी तुम्हाला बोलावून घेतलं. तुम्ही दुपारची जोहरची नमाज आटपून तसेच आला होतात, टोपी डोक्यावरच होती. परुळेकरांकडे न बघता मला विचारलंत, "काय झाला?"

"व्होल्टेज उडालं बहुतेक."

"माझ्यातून?"

"हो."

तुम्ही उकिडवे बसलात आणि स्टॅबिलायझरच्या पत्र्यावर तळवा ठेवलात, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "गार हाय," म्हणालात. मग माझ्याकडे बघून परत, "गार हाय रे." मी वायरी गुंडाळत होतो.  तुम्ही स्टॅबिलायझर उचललात, सायकलच्या कॅरिअरला बांधलात आणि गेलात.

मशीन मी दुकानात आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर अर्धं ओढून त्याच्यासमोर बसलो. कार्ड जळलं अशीच माझी समजूत होती. काढून बघितलं, वास नाही, काळा डाग नाही. त्याच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसल्या, परत बसवलं. पट्टे कायम. रॅम काढून घातली. पट्टे कायम. सवयीने फॉरमॅटची फ्लॉपी हातात घेतली आणि तुमचं नाक पुसण्याचं बोलणं आठवलं. फ्लॉपी खाली ठेवली. नीट बघितलं, तर सुरुवातीची पांढरी अक्षरं स्वच्छ येत होती. म्हणजे कार्ड जिवंत होतं. बिघडत होतं ते विंडोज पूर्ण सुरू होताना, कारण मीच खूण केलेला तो वेग दर वेळी तिथे लागत होता. सुरू करताना एफ-एट दाबून धरलं आणि सेफ मोडमध्ये गेलो. सेफ मोड म्हणजे मशीन नुसत्या पेजेवर उठतं, बाकीचं काही आत घेत नाही. मोठमोठी चित्रं, मोजके रंग, पण पडदा शांत. तो प्रोग्रॅम काढून टाकला. परत सुरू केलं. परुळेकरांचा बंगला समोर उभा राहिला, भिंतींवर एक ठिपका नाही.

एक तास लागला. काहीही जळलेलं नव्हतं. एक फाइल गेलेली नव्हती.

तिथून राजिवडा सायकलवर दहा मिनिटं. मी परुळेकरांना फोन केला. "वाचलं साहेब, नशीब तुमचं." त्यांनी विचारलं, आता स्टॅबिलायझरचं काय? मी म्हणालो, "आता कंपनीचाच घ्या. माझ्याकडे आहे." हे लिहिताना हात थांबला होता, पण लिहितो. आदल्या दिवशी घाबरून बोललो होतो. या वेळी घाबरलेलो नव्हतो.

तिसऱ्या दिवशी तुमच्याकडे आलो, तेव्हा सांगायचं ठरवून आलो होतो. दारातच तुम्ही बोट वर केलंत. तुम्ही तो स्टॅबिलायझर उघडला होता आणि कॉइल उलटी सोडवत होतात, एकेक वेढा. खोलीभर तांब्याची तार पसरली होती. मी उभाच राहिलो. शेवटचा वेढा सुटला. तुम्ही चिठ्ठीवरचा आकडा बघितलात, मग माझ्याकडे.

"दोष नाय मिळत."

मी पायाशी आलेली तार बाजूला सारली.

"तार चांगली. वॉर्निश चांगला. वेढे बरोबर, दोनदा मोजले. रिले बरोबर. दोष मिळाला असता तर बरा झाला असता, विनायक. माणूस चुकतो, सुधारतो. पण दोष हाय आणि माझ्या डोळ्याला दिसत नाय... मग मी कोणाच्या घरात काय म्हणून ठेवू?"

मला वाटलं होतं, तुम्ही उघडून बघाल, सगळं ठीक आहे म्हणाल, परुळेकरांशी भांडाल, माझ्याशी भांडाल. त्याची तयारी करून आलो होतो. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या हातावरचा काढून घ्याल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "चहा घेऊया का?"

त्यानंतर तुम्ही स्टॅबिलायझर बनवला नाहीत. तेवढ्यावर थांबला असतात तरी चाललं असतं. पण तुम्ही सायकल घेऊन ज्यांच्या ज्यांच्याकडे तुमचे स्टॅबिलायझर होते त्या घरी जायला लागलात. खालच्या आळीतल्या डॉक्टरीणबाई द्यायला तयार नव्हत्या. "दाऊदभाई, माझा लसींचा फ्रिज तुमच्या जिवावर चालतो, मी नाही देणार." तुम्ही म्हणालात, "बाय, म्हणूनच नेतोय. उद्या लस खराब झाली तर कोणाचा पोर आजारी पडायचा." हे मला त्यांनीच सांगितलं, माझ्या दुकानात कंपनीचा स्टॅबिलायझर घ्यायला आल्या तेव्हा. मी तो खोक्यातून काढून त्यांना चालू करून दाखवला.

आमच्या घरीही आलात. मी म्हणालो, काढला आम्ही तो, माळ्यावर आहे, शोधून पाठवतो. सुमनने चहा दिला. तुम्ही बशीत ओतून पीत होतात, तेवढ्यात आतून आवाज आला. टक्.

तुम्ही बशीवरून डोळे उचललेत.

"मिक्सर असेल," मी म्हणालो.

तुम्ही चहा संपवलात. सुमनला म्हणालात, साखर बरोबर झाली हो. आणि गेलात. मी तो का काढला नव्हता, ते तुम्हाला कळलं असेल का? सगळ्या रत्नागिरीत त्याच्यात दोष नाही हे मला एकट्याला माहीत होतं, म्हणून माझा फ्रिज त्याच्यावर बिनघोर चालू होता.

पुढे तुम्ही मोटारी भरत राहिलात, पंखे, पंप. दर ईदीला मी येत राहिलो. तुम्ही माझ्याशी एकदाही वाकडे वागला नाहीत आणि म्हणून मला ते विसरताही आलं. मधली काही वर्षं मी खरोखर विसरलो होतो. मग तुमची लेक शबाना लग्न होऊन मस्कतला गेली. तिला बघता-बोलता यावं म्हणून तुम्ही कॉम्प्युटर घेतलात, माझ्याकडूनच. एक दिवस तुमचा फोन, चालू होत नाही, काळा पडतो. मी आलो. एफ-एट दाबलं, सेफ मोडमध्ये गेलो, कॅमेऱ्याचा चुकीचा प्रोग्रॅम बसला होता तो काढला. पाच मिनिटांचं काम. तुम्ही खुर्ची ओढून बाजूला बसला होतात.

"म्हणजे जळला काय नव्हता?"

"नाही."

"मग बंद कशाला पडला?"

"चुकीची सेटिंग बसली होती. सुरू होताना दर वेळी तीच लागते."

"असा होता होय." तुम्ही चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागलात. बराच वेळ पुसलात. "परुळेकराच्या काँप्युटराला पण हाच झालेला का रे?"

दाऊदभाई, तुम्ही दार उघडून बाजूला उभे राहिला होतात. मला नुसतं आत यायचं होतं. शिव्या घातल्या असत्यात, कदाचित एक थोबाडीत दिली असतीत, आणि दुसऱ्या दिवशी तार आणायला गेला असतात.

"नाही," मी म्हणालो. "ते वेगळं होतं."

"हां. वेगळा असेल," तुम्ही म्हणालात आणि चष्मा घातलात.

तुम्हाला कळलं होतं का? गेले बारा दिवस मी हाच एक प्रश्न फिरवतोय. कळलं असेल, तर तुम्ही मला सोडून दिलंत आणि तरीही परत तारेला हात लावला नाहीत. कळलं नसेल, तर तुम्ही आपल्याच हाताला दोष देत गेलात. दोन्हींतलं कुठलं मला सोसेल ते ठरवता येत नाही. ठरवायचा हक्कही माझा नाही म्हणा.

काल तुमच्या घरी गेलो. शबाना आली आहे, तिने आत घेतलं. भाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावरच्या त्या मुदतीत परक्या पुरुषासमोर येत नाहीत. मधल्या दाराला पडदा होता, त्याच्यापलीकडे त्या बसल्या होत्या. मी पडद्याकडे बघत सगळं सांगितलं. खुंटीपासून 'ते वेगळं होतं'पर्यंत.  शबाना जमिनीकडे बघत होती.

मग भाभींचा आवाज आला. "किती वर्सां झाली?"

"सात."

"सात वर्सां तू आमच्याकडं शिरखुर्मा खाल्लास."

"हो भाभी."

"वाटी परत मागून खाल्लास."

 बाहेर कोणीतरी मासेवाली ओरडत गेली.

"तेवढी कॉइल सोडवल्यान, त्या रातीला जेवला नाय तो," भाभी म्हणाल्या. "माझ्या बोटांना काय झाला बघ गो, म्हणून हात पुढं केल्यान. मी म्हटला, काय नाय झाला, म्हातारा झालास."

"भाभी, मला माफ—"

"ता माझ्याकडं मागू नको. माझ्याकडं नाय ता." मग म्हणाल्या, "तू कागद लिवतोस ना? दुकानात सगळ्यांचे अर्ज लिवून देतोस. मग ह्या पण लिव. ज्यांच्या ज्यांच्या घरून तो आपल्या हातानं मशिनी घेऊन आला, त्यांना वाचू दे. तुझा नाव घाल."

"घालतो."

"आणि गोल गोल लिवू नको."

म्हणून हे लिहिलं, दाऊदभाई. बारा दिवस उशिरा नाही, सात वर्षं उशिरा. परुळेकर वाचतील, डॉक्टरीणबाई वाचतील, सुमन वाचेल. तिलाही मी आजवर काही सांगितलेलं नाही. मशीन मी बिघडवलं. मीच दुरुस्त केलं. मधल्या वेळात तुमच्याकडे बोट दाखवलं. दाऊद मिस्त्रींनी भरलेली कॉइल बरोबर होती, पहिल्या वेढ्यापासून शेवटच्या वेढ्यापर्यंत, आणि त्या दुपारी टेबलाखाली हात लावून तुम्ही जे म्हणालात ते खरं होतं. मी ऐकलं होतं.

विनायक